विंडोज दुरुस्त झाली, आता नेट गेलं

घरचा कॉम्प्युटर अडखळत होता, कुणीतरी ‘विंडोज रिपेअर’ करून दिली. निळा पडदा यायचा थांबला, स्टार्टचं बटण उघडायला लागलं, फोटो आणि कागदपत्रं जागच्या जागी आहेत. फक्त नेट नाही. त्याच खोलीत, त्याच वायफायवर मोबाइल सुसाट चालतोय. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, “लाइनचा प्रॉब्लेम असेल, केबलवाल्याला विचारा.” केबलवाला राउटरचे दिवे बघतो आणि म्हणतो, “आमच्याकडून ओके आहे, तुमच्या विंडोजमध्येच घोळ आहे.” ही टोलवाटोलवी मी इतक्या घरांत ऐकली आहे की आता दोघांचंही ऐकून घेतो आणि घरच्यांना तिसराच प्रश्न विचारतो: दुरुस्ती म्हणजे नक्की काय केलं?

याचं उत्तर मिळाल्याशिवाय कमांड मारायला बसू नये. यूट्यूबवर ‘नेटश विनसॉक रीसेट’पासून सुरू होणारी कमांडची माळ सगळीकडे सापडते. ती खोटी नाही, पण ती एका विशिष्ट बिघाडावरचं औषध आहे. ड्रायव्हरच (विंडोजला हार्डवेअर चालवायला शिकवणारं छोटं सॉफ्टवेअर) नसलेल्या मशीनवर ती चालवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय सात-आठ कमांड एका दमात मारल्या आणि नेट आलं, तर कशामुळे आलं ते कळत नाही. आठवड्याने पुन्हा गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

‘रिपेअर’ या नावाखाली काय काय होतं

एक म्हणजे फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकणं, किंवा सेटिंग्जमधलं ‘रीसेट धिस पीसी’. रीसेट करताना ‘कीप माय फाइल्स’ निवडलं की लोकांना वाटतं सगळं राहिलं. फाइली राहतात. नंतर घातलेले प्रोग्राम, ड्रायव्हर आणि बदललेली सेटिंग्ज जातात. इथे पहिला संशयित ड्रायव्हर.

दुसरं म्हणजे जुन्या विंडोजवरच पुन्हा विंडोज बसवणं. आयएसओ फाइल (विंडोजची अख्खी सीडी एकाच फाइलमध्ये) उघडून सेटअप चालवायचा आणि ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ हा पर्याय ठेवायचा. विंडोज ११मध्ये रिकव्हरीच्या पानावर ‘रीइन्स्टॉल नाऊ’ असं बटण आलं आहे, तेही हेच करतं (त्यालाच नेट लागतं, हा भाग वेगळा). या प्रकारात ड्रायव्हर बहुधा टिकतात, पण कचराही टिकतो: अर्धवट काढलेला अँटिव्हायरस, ऑफिसचा जुना व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर), कुठल्यातरी फुकट सॉफ्टवेअरने बसवलेला प्रॉक्सी (नेटची ये-जा आपल्यामार्फत वळवणारा मध्यस्थ). त्यामुळे इथे संशय ड्रायव्हरवर नाही, या उरलेल्या पाहुण्यांवर.

तिसरा प्रकार म्हणजे ‘जरा साफ करून दिलं’. यात एसएफसी स्कॅन किंवा डिझम ही विंडोजचीच तपासणीची साधनं चालवली असतील तर काळजी नको, ते विंडोजच्या खराब फाइली बदलतात, तुमच्या नेटवर्क सेटिंग्जना हात लावत नाहीत. पण अनेक जण एमएसकॉन्फिग (विंडोजसोबत काय काय सुरू व्हावं ते ठरवण्याची खिडकी) उघडून सर्व्हिसेसच्या टॅबमध्ये ‘डिसेबल ऑल’ दाबतात आणि त्याआधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ या चौकोनात खूण करायला विसरतात. मग डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग (वायफाय सांभाळणारी), डीएचसीपी क्लायंट (राउटरकडून पत्ता घेणारी) वगैरे मायक्रोसॉफ्टच्याच सेवा झोपतात. कॉम्प्युटर खरंच हलका चालतो, आणि वायफायचं बटणच गायब होतं. पुन्हा एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडा, रीस्टार्ट करा, विषय संपला.

आणि डबा दुकानात जाऊन आला असेल तर आधी त्याच्या मागे बघा. डेस्कटॉपच्या वायफाय कार्डाचे दोन छोटे अँटेना दुकानात काढून ठेवले जातात आणि तिथेच राहतात. अँटेनाशिवाय वायफाय पूर्ण बंद पडत नाही, शेजारच्या खोलीपुरतं चालतं, म्हणून लोक ‘स्लो’ची तक्रार करत बसतात. यूएसबी डोंगलचंही तेच, ते कुणाच्यातरी खिशात गेलेलं असतं.

तुटलंय कुठे

राउटरवर ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल असेल तर फायबरमध्ये प्रकाशच येत नाही, तिथे कॉम्प्युटरचा काही संबंध नाही, ऑपरेटरला कळवा आणि थांबा. मोबाइल त्याच वायफायवर, मोबाइल डेटा बंद करून, चालतो का तेही बघा. चालत असेल तर लाइन ठीक आहे.

आता कॉम्प्युटर. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘नेटवर्क ॲडॉप्टर्स’ पसरवा. तिथे रिअलटेक, इंटेल, मीडियाटेक अशी नावं दिसायला हवीत. ती नसतील आणि खाली ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये पिवळ्या त्रिकोणासह ‘इथरनेट कंट्रोलर’ किंवा ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसत असेल, तर निदान झालं. ड्रायव्हर नाही. त्यावर डबल क्लिक केलं तर कोड २८ लिहिलेला दिसेल, त्याचा अर्थ तोच. कोड २२ असेल तर कुणीतरी ते डिसेबल करून ठेवलंय, उजवी क्लिक करून इनेबल करा. कोड ५६चं नंतर सांगतो.

ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही. इथे बहुतेक जण पेन ड्राइव्ह घेऊन सायबर कॅफे शोधायला निघतात. त्याची गरज नसते. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा, फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटात कॉम्प्युटरला नेट मिळतं. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय पुढे देतात, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. केबल मात्र डेटाची हवी, नुसती चार्जिंगची चालणार नाही. टेदरिंगचा पर्याय करडा दिसत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा केबलच दोषी. आयफोनने हे लगेच जमत नाही, त्याला आधी ॲपलचा ड्रायव्हर लागतो. विंडोज ११ नव्याने टाकताना ‘नेटवर्कशी जोडा’ या पडद्यावर अडकलात तरी हीच युक्ती चालते.

नेट मिळालं की विंडोज अपडेटमध्ये ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये ड्रायव्हर आहेत का बघा. नाही सापडला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणवाल्याच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हेन’ या अक्षरांपुढचा आकडा कंपनी सांगतो: १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. (इंटेलने स्वतःच्या १९७८च्या प्रोसेसरचाच आकडा इथे घेतला आहे, त्यामुळे हा एक न विसरता लक्षात राहतो.) मग लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल टाकून तिथूनच ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी पॅकं टाळा. ती एक ड्रायव्हर देतात आणि सोबत तीन नको असलेले प्रोग्राम बसवतात, आणि पुढची दुरुस्ती त्यांच्यापायीच करावी लागते.

१६९.२५४

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक असेल तर सीएमडी (कमांड लिहायची काळी खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. आयपीव्ही४ ॲड्रेससमोर १९२.१६८ने सुरू होणारा आकडा असेल तर राउटरने पत्ता दिला आहे, पुढे चला. १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक तात्पुरता लावून घेतला आहे. या पत्त्यावर बाहेरचं नेट कधीच चालत नाही.

कारणं तीन-चारच. केबल सैल आहे किंवा चुकीच्या पोर्टात आहे. डीएचसीपी क्लायंट ही सेवा बंद आहे. एखाद्या अँटिव्हायरसचा किंवा व्हीपीएनचा उरलेला फिल्टर (नेटची ये-जा तपासणारा भाग) मध्ये बसला आहे. किंवा ऑपरेटरने तुमचं कनेक्शन बांधून ठेवलं आहे, ज्याकडे लगेच येतो.

फिल्टर असा शोधायचा: कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये ॲडॉप्टरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत अशा कंपनीचं नाव दिसलं जिचं सॉफ्टवेअर आता कॉम्प्युटरमध्ये नाही, तर तोच चोर. आधी त्याच्यासमोरची खूण काढून बघा. मग त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल चालवा, कारण नुसतं ‘अनइन्स्टॉल’ केल्याने हे फिल्टर नेहमी जात नाहीत. वर राहिलेला कोड ५६ही याच घराण्यातला. विंडोज नेटवर्कची जुळणी करायला बसते, जुना व्हीपीएन ती पूर्ण होऊ देत नाही, आणि ॲडॉप्टर दिसतो पण चालत नाही. जुन्या विंडोजवरच नवी बसवल्यावर हा कोड विशेष दिसतो. व्हीपीएन मुळासकट काढा आणि मग सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज इथलं ‘नेटवर्क रीसेट’ दाबा. ते सगळे ॲडॉप्टर काढून पुन्हा बसवतं. वायफायचे पासवर्ड, हाताने टाकलेले आयपी, उरलेले व्हीपीएन सगळं पुसलं जातं, म्हणून पासवर्ड आधी लिहून ठेवा. विनसॉकच्या कमांडची पाळी आली तर ती इथे येते, आणि तिच्यानंतर रीस्टार्ट केला नाही तर ती मारली काय आणि न मारली काय सारखंच.

आपल्याकडचा खास घोळ: डायलर आणि मॅक

परदेशी व्हिडिओंत हा भाग येतच नाही. आपल्या गावा-शहरांत स्थानिक केबलवाल्याचं ब्रॉडबँड असेल तर अनेक घरांत अजूनही लॅन केबल राउटरमधून न जाता थेट कॉम्प्युटरमध्ये येते, आणि नेट लावताना यूजरनेम-पासवर्डचा डायलर लागतो. विंडोज नवी टाकली की तो डायलर गेला. केबल लावली, दिवा पेटला, नेट नाही. आणि दुरुस्तीवाल्याला माहीतच नसतं की इथे डायलर होता. विंडोज ११मध्ये सेटिंग्जच्या नेटवर्क विभागात ‘डायल-अप’ आहे, तिथे नवीन कनेक्शन निवडून ‘ब्रॉडबँड पीपीपीओई’ करायचं. यूजरनेम बिलावर किंवा ऑपरेटरच्या एसएमएसमध्ये सापडतं, पासवर्ड नसेल तर ऑपरेटर बदलून देतो.

डायलरने एरर ६९१ दिली तर यूजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा, नाहीतर पॅकची मुदत संपली. ६५१ दिली तर कॉम्प्युटरचा आवाज ऑपरेटरपर्यंत पोहोचतच नाही: केबल, मधला स्विच किंवा ड्रायव्हर. हे दोन आकडे फोनवर सांगितले तर ऑपरेटरचा माणूसही निमूटपणे तपासतो, “विंडोजचा प्रॉब्लेम” म्हणून हात झटकत नाही.

दुसरी गोष्ट मॅक बाइंडिंग. एकाच कनेक्शनवर दोन घरं चालू नयेत म्हणून काही ऑपरेटर तुमच्या नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आपल्या सर्व्हरवर बांधून ठेवतात. नुसती विंडोज बदलल्याने मॅक बदलत नाही, तो कार्डात असतो. पण दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, किंवा लॅन पोर्ट मेला म्हणून यूएसबीचं लॅन कार्ड लावलं, तर मॅक बदलतो आणि ऑपरेटरच्या सर्व्हरला तुम्ही परके होता. फोन करून “मॅक रीसेट करून द्या” म्हणायचं, काम दोन मिनिटांचं असतं. वायफायवर असाल तर सेटिंग्जमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ बंद आहे ना तेही बघा, चालू असेल तर तुमचा मॅक विंडोजच बदलत असते.

कनेक्टेड दिसतं, पण साइट उघडत नाही

सीएमडीमध्ये ‘पिंग ८.८.८.८’ चालवा, इथेही आकडे इंग्रजीतलेच. (पिंग म्हणजे समोरच्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं; हा पत्ता गूगलचा.) उत्तर आलं, तर नेट आहे. आता पिंगपुढे गूगल डॉट कॉम लिहा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर दोष डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत. ॲडॉप्टरच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ करा, किंवा १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका. जुना राउटर बदलून नवा आला असेल आणि आयपी हाताने टाकलेला असेल तरी फसगत होते: आधीच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, जिओफायबरच्या राउटरचा १९२.१६८.२९.१ असतो, आणि कॉम्प्युटर जुन्याच दारावर टकटक करत राहतो.

दोन्ही पिंगना उत्तर येतंय पण ब्राउझर रुसलाय? सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ उघडा. ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू असेल आणि पत्ता १२७.०.०.१ असेल तर बहुधा एखाद्या व्हायरसने तो टाकला होता. दुरुस्तीत व्हायरस गेला, प्रॉक्सी राहिला. बंद करा. पुन्हा आपोआप चालू झाला तर व्हायरस गेलेला नाही.

नंतर खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख मागची असेल तर जवळपास प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवते, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेशी ताडून पाहिली जाते. तारीख दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडली, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलाय. कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. विंडोज नवी टाकल्यावर टाइम झोन अमेरिकेचा राहून गेला असेल तर तोही कोलकाता, यूटीसी +५:३० करा.

टास्कबारवर पृथ्वीचा गोल आणि ‘नो इंटरनेट’ दिसतंय, पण साइट उघडतायत, असंही होतं. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द लिहिलेली एक इवलीशी फाइल मागवते आणि ती आली की नेट आहे असं मानते. जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसने किंवा व्हीपीएनने ती फाइल अडवली की गोल दिसतो. नेट चालत असेल तर त्याच्यामागे लागू नका.

विंडोज ७ची गोष्ट वेगळी. तिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि क्रोमची १०९नंतरची आवृत्ती तिच्यावर चालत नाही. ती नव्याने टाकली की सोबत येणाऱ्या जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये आजच्या अनेक साइट उघडतच नाहीत, आणि लोक नेट शोधत बसतात. नेट असतं. ब्राउझर म्हातारा असतो.

पुन्हा पुन्हा जातंय

रोज सकाळी नेट नाही आणि रीस्टार्ट केलं की येतं, असं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. विंडोज ८पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो, नेटवर्क ड्रायव्हरच्या रुसव्यासकट. ‘रीस्टार्ट’ मात्र खरंच सगळं नव्याने सुरू करतं. डिसेंबर २०१६मध्ये विंडोज १०च्या एका बिघाडामुळे अनेकांच्या कॉम्प्युटरना आयपी मिळेना, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं की शट डाउन नको, रीस्टार्ट करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे ते बंद करता येतं.

झोपेतून उठवल्यावर जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॉप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण काढा. आणि दर अपडेटनंतर जात असेल तर विंडोज तुमचा चांगला ड्रायव्हर काढून स्वतःचा बसवते आहे. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा, मग ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ‘नो’ करा. घरगुती आवृत्तीत याहून पक्का बंदोबस्त सोपा नाही, कारण ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजचे नियम ठरवण्याचं साधन) तिच्यात येत नाही.

यातलं काहीच लागू पडत नसेल आणि लॅनच्या पोर्टाजवळचे दिवे केबल लावूनही पेटत नसतील, तर सॉफ्टवेअर सोडा. इमारतीच्या गच्चीवरून लॅन केबल ओढलेली असते, पावसाळ्याच्या सुरुवातीला वीज कडाडली की तांब्याच्या त्या तारेतून झटका थेट पोर्टात येतो. पोर्ट जळतो आणि कॉम्प्युटर बाकी धडधाकट राहतो. विंडोजची दुरुस्ती आणि जळलेला पोर्ट एकाच आठवड्यात आले तर दोष दुरुस्तीवर जातो. दुसऱ्या लॅपटॉपला तीच केबल लावून खात्री करा. तिथे दिवा पेटला तर यूएसबीचं लॅन कार्ड काही शे रुपयांत येतं, मदरबोर्ड बदलायचा खर्च नको. ते लावल्यावर नेट आलं नाही, तर ऑपरेटरला मॅक रीसेटचा फोन करायचा राहिलाय.